काळ्या चिखलातून आलेली एमटीबी: धुण्यापेक्षा वाळवण्याकडे लक्ष द्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल. परभणीच्या बाहेर पाणंद रस्त्याने रविवारी फिरून आलात. पाऊस नुकताच उघडला होता, त्यामुळे हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे शॉक असलेली माउंटन बाइक) काळ्या चिखलाने पार लडबडली. घर दुसऱ्या मजल्यावर, पाणी बादलीने, नळीची सोय नाही. म्हणून मोटरसायकली धुणाऱ्या वॉशिंग सेंटरवर नेऊन मशीनच्या फवाऱ्याने धुऊन घेतली आणि पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवून दिली. बुधवारी कव्हर काढलं तर चेन लाल, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक किंचाळतायत आणि लागतही नाहीत नीट, पायडल मारताना खालून खरखर येतेय. आणि तुम्ही विचारताय की धुवायला कोणतं लिक्विड आणू.

लिक्विडवर नंतर बोलू, कारण ते सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. तुमच्या सायकलचं नुकसान चिखलापेक्षा पाण्याने जास्त केलंय. चिखल बाहेर होता. मशीनच्या जोराने पाणी आणि त्यात कालवलेली बारीक माती आत गेली आणि कव्हरखाली तीन दिवस आतच राहिली. मी छत्रपती संभाजीनगरात बरीच वर्षं सायकली दुरुस्त करतो. पावसाळ्यानंतर माझ्याकडे बेअरिंग गेलेल्या ज्या सायकली येतात, त्यांतल्या बहुतेकांची कहाणी हीच असते: मालकाने जीव लावून, चकाचक धुतलेली सायकल.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. कुठल्या मातीतून आलात, यावर निम्मं काम ठरतं. आमच्याकडे सारोळ्याच्या किंवा म्हैसमाळच्या बाजूला मुरूम आणि खडक आहे. तिथला राडा चिकटत नाही, वाळला की ब्रशने झडतो, पण त्यातली कच धारदार असते आणि ब्रेक पॅड झपाट्याने खाते. परभणी, हिंगोली, नांदेडची भारी काळी जमीन वेगळी. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत निम्म्याच्या आसपास चिकण असते, म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक कण. त्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पापुद्र्यापापुद्र्याचं असतं. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे.

सायकलच्या दृष्टीने याचा अर्थ असा. पूर्ण ओली असताना ही माती ब्रशलाच चिकटते, तुम्ही ती काढत नाही, नुसती पसरवता. पूर्ण वाळली की विटेसारखी घट्ट बसते, आणि त्यावर पाणी ओतलं तर वरचा थर फुगून बुळबुळीत होतो, आतला गोळा कोरडाच राहतो. म्हणून लोक पाण्याचा जोर वाढवतात. आणि कण इतके बारीक आहेत की बेअरिंगच्या रबरी सीलच्या ओठातून पाण्याबरोबर सहज आत जातात. आत ग्रीसमध्ये मिसळले की त्यांची घासपावडर होते. ‘सील्ड बेअरिंग’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते सील उडणारी धूळ आणि पाऊस अडवण्यासाठी असतं, समोरून मारलेल्या फवाऱ्यासाठी नाही.

मग माती काढायची कधी? शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, वाफसा आल्यावर. सायकलवरच्या चिखलालाही हेच लागू पडतं. घरी आल्यावर सायकल सावलीत, वारा लागेल अशी उभी करा. ऊन असेल तर तासाभरात, ढगाळ असेल तर दोन-अडीच तासांत माती अशी होते की बोटाने दाबली तर चिकटत नाही आणि ढेकूळ मोडतं. त्या वेळी बांबूची कामटी किंवा लाकडी पट्टी घेऊन खरवडली तर अख्खे तुकडे निघतात. टायर, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) मधली कमान, बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा दांडा फिरतो त्या फ्रेममधल्या बेअरिंगच्या) मागचा कोपरा, सीटखालची जागा, सगळं पाण्याचा थेंबही न लावता ऐंशी टक्के मोकळं होतं. स्क्रू-ड्रायव्हर मात्र वापरू नका, रंग जातो आणि फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडा उठला तर त्यातून तेल गळायला लागतं.

झड लागलेली असेल, चार दिवस सूर्य दिसायचा नसेल, तर वाफशाची वाट पाहण्यात अर्थ नाही. ओलीच काढा, पण घरी नाही, शेताच्या बांधावरच. तिथे मागच्या वर्षीची तुराटी किंवा पऱ्हाटी पडलेली असतेच. तिने टायरच्या दोन्ही बाजू आणि मागच्या डिरेल्युअरची (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाची) दोन छोटी चाकं मोकळी करून मगच निघा. चाक फिरेनासं झालं असेल तर जोर लावून पायडल मारू नका. चिखलाने चेन अडकली की मागचा हँगर (डिरेल्युअर फ्रेमला धरणारी पट्टी) वाकतो, कधी डिरेल्युअर तुटून थेट स्पोकमध्ये जातो. ते दुरुस्तीचं बिल धुण्याच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोठं असतं.

एक गोष्ट मात्र वाफशासाठी थांबत नाही, ती म्हणजे चेन. चेन स्टीलची, तिच्यावरचं तेल चिखलाने पुसून नेलेलं. ओली राहिली तर एका रात्रीत तांबूस होते. त्यामुळे घरी पोचलात की बूट काढायच्या आधी जुन्या सुती बनियनचा तुकडा घ्या, चेनभोवती मूठ धरा आणि पायडल उलटं फिरवत चेन पुसून काढा. कापड दोनदा बदला. दोन मिनिटांचं काम आहे, पण चेनचं आयुष्य बरंचसं इथेच ठरतं.

आता धुणं. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला दीड बादली पाणी पुरतं, खरंच पुरतं. आपल्या भागात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे वेगळं सांगायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्याच मराठवाड्यात आपण सायकल धुतोय. पाणी कमी लागावं हा काटकसरीचा मुद्दा आहेच, पण सायकललाही तेच मानवतं.

सुरुवात चेन आणि कॅसेटपासून (मागच्या गिअरच्या चकत्यांपासून) करा, म्हणजे तिथली काळी घाण उडाली तरी नंतरच्या धुण्यात निघून जाते. त्याआधी मागच्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) आणि कॅलिपरवर (पॅड धरणाऱ्या भागावर) प्लास्टिकची पिशवी बांधा. रोटर चेनच्या विरुद्ध बाजूला असतो म्हणून लोक बिनधास्त असतात, पण ब्रशचे शिंतोडे स्पोकमधून आरामात पलीकडे जातात आणि तेलाचा एक शिंतोडा ब्रेक बिघडवायला पुरतो. चेनसाठी ठेवलेला ब्रश आणि फडकं कायम वेगळं ठेवा, त्याला गाठ मारून खूण करा. रॉकेल किंवा डिझेलने चेन साफ होते हे खरं, पण ते चेन सायकलवरून काढून, डब्यात बुडवून धुणार असाल तरच. सायकलवर असताना ते वापरलं की ते हबकडे (चाकाच्या मध्यभागाकडे) आणि ब्रेककडे पोचतंच. सायकलवरच साफ करायची तर भांड्यांचा लिक्विड साबण पाण्यात मिसळून, टूथब्रशने, थोडं थोडं.

मग दुसरं, स्वच्छ पाणी. मोठा स्पंज ओला करून वरून खाली पुसत या: हँडल, वरची नळी, फोर्क, शेवटी चाकं. जिथे मातीचे गोळे अजून घट्ट आहेत तिथे घासू नका. ओलं गोणपाट किंवा जुना टॉवेल दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, माती आतपर्यंत भिजते आणि नुसत्या पुसण्याने निघते. कोरड्या मातीवर घासलं की तीच कच रंगावर फिरते. पाणी ओतायचंच असेल तर मगाने, वरून, संथपणे. हबच्या कडेला, बॉटम ब्रॅकेटला, हेडसेटला (हँडल वळतं तिथल्या बेअरिंगला) आडवा फवारा नको, मग तो मशीनचा असो की अंगठा लावलेल्या नळीचा.

पाणी कुठलं, यालाही महत्त्व आहे. आपलं बोअरचं पाणी जड. ते सायकलवर वाळलं की पांढरे क्षार राहतात, बोल्टच्या खाचांत आणि केबलच्या टोकाशी साचतात. बरेच जण आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुतात. फरशी पुसायला ते ठीक आहे, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. त्यामुळे सायकलवरचा शेवटचा हात त्याने फिरवू नका. पावसाळ्यात गच्चीच्या पाइपखाली एक बादली लावून ठेवा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, शेवटचा स्पंज त्याने मारला की डाग पडत नाहीत.

लिक्विडचं उत्तर वर आलंच: भांड्यांचा लिक्विड साबण, अर्ध्या बादलीला चमचाभर, आणि नंतर साध्या पाण्याने पुसून घेणं. कपडे धुण्याची पावडर नको, ती अल्कधर्मी असते, ॲल्युमिनियमवरचा थर निस्तेज करते आणि जिथे ग्रीस हवं तिथलंही काढते. महागडं बाइक क्लीनर वाईट नसतं, पण त्याच पैशात ब्रेक पॅडचा जोड आणून ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

इथपर्यंत बहुतेकांचं ठीक चालतं. घोटाळा यानंतर होतो, कारण सायकल दिसायला स्वच्छ झाली की काम संपलं असं वाटतं. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं.

पाणी पहिल्यांदा हाताने काढायचं. दोन्ही चाकं जमिनीवर चार-पाच वेळा आपटा, उचलून सोडा, फ्रेमवरचं आणि स्पोकवरचं पाणी झडतं. कोरड्या सुती फडक्याने सगळं पुसा, डिरेल्युअरचे सांधे आणि बोल्टची डोकी विसरू नका. मग सीटपोस्टला आधी चिकटपट्टीने उंचीची खूण करून तो बाहेर काढा. पाणी फ्रेममध्ये शिरतं ते बहुतेक इथून आणि केबल आत जाणाऱ्या भोकांतून, आणि ते उतरून बॉटम ब्रॅकेटपाशी साचतं. काही फ्रेमना तिथे खाली छोटं भोक असतं. तुमच्या फ्रेमला असेल तर ते मातीने बुजलंय का बघा, काडीने मोकळं करा. सीटपोस्ट काढलेली सायकल उलटी करून पाच मिनिटं ठेवा. सुलटी केल्यावर हायड्रॉलिक ब्रेकचे लिव्हर काही वेळा दाबून बघा, आणि ते कडक लागल्याशिवाय सायकलवर बसू नका, उलटं ठेवल्याने तेलातली हवा कधी कधी जागा बदलते.

नंतर वारा. सीटपोस्ट बाहेरच ठेवून सायकल सावलीत किंवा कोवळ्या उन्हात, खिडकीच्या झोतात ठेवा. ढगाळ हवा असेल तर घरात पंख्याखाली, रात्रभर. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा चेनवर आणि कॅसेटवर मारायला हरकत नाही, हबवर आणि बॉटम ब्रॅकेटवर नाही, तीही पाणी आत ढकलते. आणि ओल्या सायकलवर कव्हर कधीच नाही. पार्किंगमधल्या कव्हरखाली दिवसा गरम वाफ होते, रात्री तीच थंड होऊन पुन्हा पाणी बनून सायकलवर बसते. तुमची चेन लाल झाली ती रविवारच्या चिखलाने कमी, या तीन दिवसांच्या दमट हवेने जास्त.

चेन पूर्ण कोरडी झाल्याशिवाय तेल घालू नका. ओल्या चेनवर तेल घातलं की रोलरच्या आतलं पाणी तेलाखाली कोंडलं जातं आणि आतून गंज सुरू होतो, बाहेरून चेन छान दिसत राहते. घाई असेल तर डब्ल्यूडी-४० कापडावर मारून त्या कापडाने चेन पुसता येते. ते बनवलंच मुळात पाणी हटवण्यासाठी, पण ते चेनचं तेल नाही. पुसून टाकायचं आणि तासाभराने खरं तेल द्यायचं. चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवत एक पूर्ण फेरा. मग तासभर थांबून बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने इतकं पुसा की बोट लावलं तर जेमतेम डाग पडेल. बाहेर राहिलेलं तेल पुढच्या फेरीत माती ओढून घेतं. पावसाळ्यात वेट ल्यूब (ओल्या हवेसाठीचं चेनचं तेल) ठीक, दिवाळीनंतर धूळ सुरू झाली की ड्राय ल्यूबवर (कोरड्या हवेसाठीच्या तेलावर) या.

आता तुमच्या ब्रेकबद्दल, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. नुसतं पाणी लागलेलं असतं तर पाच-दहा वेळा ब्रेक दाबल्यावर आवाज गेला असता. तीन दिवसांनीही किंचाळतायत आणि पकडत नाहीत, म्हणजे पॅडला तेल लागलंय असं मी धरून चालतो. वॉशिंग सेंटरवर धुऊन झाल्यावर गाडीवर डिझेल किंवा ऑईलचा फवारा मारतात, चेसिस चमकावी आणि गंजू नये म्हणून. मोटरसायकलला ते चालतं. तुमच्या सायकलवर तो मारला होता का, आठवून बघा. मारला असेल तर रोटर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि नव्या कापडाने पुसा, कापडावर काळं येणं थांबेपर्यंत. पॅड काढून वरचा थर बारीक सँडपेपरवर हलका घासा आणि पुन्हा लावून बघा. तरी आवाज राहिला तर पॅड बदला. रेझिनचा पॅड तेल शोषून घेतो, ते परत निघत नाही. पॅड गॅसवर भाजण्याचा उपाय इंटरनेटवर दिसेल, तो करू नका, पॅडची चिकटवलेली बाजू सुटली तर उतारावर कळतं. बदलताना जाडीही बघा: शिमानोच्या पॅडवर ०.५ मिलिमीटर थर उरला की तो संपला, आणि चिखलात तो अपेक्षेपेक्षा लवकर संपतो. चाक काढलेलं असताना ब्रेक लिव्हर दाबू नका, पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी ठेवा. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा वेग कमी करा, चाक लॉक न करता, मग ते पकड घेतात.

खरखरीसाठी चेन पुढच्या चेनरिंगवरून खाली उतरवा आणि क्रँक हाताने फिरवा, कान फ्रेमला लावून. वाळूसारखं जाणवलं तर बॉटम ब्रॅकेट गेलंय. तुमच्या किमतीच्या सायकलींत ते बहुतेक बंद कार्ट्रिज असतं, ते उघडून ग्रीस भरता येत नाही, बदलावंच लागतं. क्रँक गुळगुळीत फिरली तर आवाज चेनचा किंवा पायडलचा आहे. हबचं तपासणं वेगळं: चाक काढून ॲक्सल दोन बोटांत फिरवा. खडखड लागली आणि हब कोन-छर्ऱ्यांचा असेल तर आनंद माना, तो उघडून धुता येतो, नवे छर्रे आणि ग्रीस घातलं की नव्यासारखा होतो. मागच्या हबात सहसा एका बाजूला १/४ इंची ९ छर्रे असतात, मोजून घाला. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे वळवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर हेडसेटचं खालचं बेअरिंग बघावं लागेल, चाकाचा चिखल थेट त्याच्यावर उडतो.

लाल झालेली चेन लगेच फेकू नका. वरवरचा गंज असेल तर पुसून, तेल देऊन ती चालते. एखादी कडी दुमडताना अडकत असेल, किंवा चेन चेकरवर (चेन किती ताणली ते मोजणाऱ्या पट्टीवर) ०.७५ टक्के दाखवत असेल, तर बदला. मागे अकरा-बारा गिअर असलेल्या सायकलला ०.५ वरच बदलावी, नाहीतर कॅसेट पण जाते.

आणि पुढच्या वेळेसाठी एक विनंती. मोठा पाऊस उघडल्यावर भारी जमिनीतल्या पाणंदीवर दोन दिवस जाऊ नका. सायकलचे हाल होतात हा एक भाग. दुसरा असा की ओल्या पाणंदीत पडलेल्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात, आणि त्यावरून शेतकऱ्याला बैलगाडी न्यायची असते. तेवढे दोन दिवस जिंतूरकडे जा, नेमगिरीच्या बाजूला डोंगराळ जमीन आहे, पाणी लवकर निचरतं.

या आठवड्यात मात्र आधी ब्रेक, मग बॉटम ब्रॅकेट, मग चेन, याच क्रमाने हात घाला. ब्रेक नीट होईपर्यंत सायकल बाहेर काढू नका. क्रँकची तपासणी करून काय जाणवलं ते कळवा, शक्य असेल तर फ्रेमच्या त्या भागाचा फोटो टाका, म्हणजे कुठल्या मापाचं बॉटम ब्रॅकेट आणायचं ते सांगता येईल.